कडू कागदाची वंशावळ

माझ्या जिभेला कडू कळतं. स्वतःविषयी मी आजवर शास्त्रीय पद्धतीनं सिद्ध केलं ते एवढंच, आणि ते सिद्ध करताना मी आईवडील गमावून बसले होते. चारच दिवसांपुरते, पण त्या चार दिवसांत मी जेवढी रडले, तेवढी आई खरोखर गेल्यावरही अजून रडलेली नाही. तिला जाऊन आता पाच महिने झाले. रोज सकाळी मी टेबलाशी बसते, अर्धं पान लिहिते, त्यातलं निम्मं खोडते. आईवर लिहायला बसलं की लोक तिच्या कष्टांबद्दल आणि मायेबद्दल लिहितात. मी तिच्या जिभेबद्दल लिहिणार आहे, कारण तिच्याविषयी माझी सगळ्यात मोठी चूक झाली ती तिथंच.

आज गारखेड्यात कुठं राहता विचारलं तर माणसं इमारतीचं नाव सांगतात. माझ्या लहानपणी ते शहराबाहेरचं खेडं होतं आणि आम्ही कुणाच्या विहिरीजवळ राहतो ते सांगायचो. मातीच्या सपाट छताचं, माळवदाचं घर, समोर लिंबाचं झाड, पलीकडं आमची ज्वारी. पहाटे विहिरीवरच्या इंजिनाचा डुगडुगाट सुरू झाला की मला जाग यायची, आणि त्यात आईच्या भाकरी थापण्याचा आवाज मिसळला की मी पुन्हा झोपायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, कचेरीत नोकरीला होते आणि शेतही बघायचे. त्यांचं शिक्षण निजामाच्या वेळचं, उर्दूतलं. पोलिस ॲक्शननंतर कचेरीचा कारभार मराठीत आला तेव्हा मिशा फुटलेल्या वयात त्यांनी पुन्हा बाराखडी गिरवली. मराठी ते फार सुरेख लिहायचे, पण रागवायचं झालं की उर्दूतच. शिवाय आपलं घराणं चितोडकडून आलेलं आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. दर तीन-चार वर्षांनी भाट यायचा, लाल फडक्यातली लांबलचक वही उलगडायचा आणि सूर लावून आमचे पूर्वज घोड्यावर बसवायचा. अण्णा डोळे मिटून ऐकायचे. आई आतून चहा आणून ठेवायची आणि परत जायची. तिचे पूर्वज कुठून आले, हे त्या वहीत नव्हतं. तीही कधी बोलली नाही.

आई स्वयंपाकात फार हुशार. येसराची आमटी, कारळाची चटणी, अंबाडीची भाजी हे तर घरोघरी असायचं, पण तिची कारली मी दुसरीकडं कुठं खाल्ली नाहीत. मीठ लावून पिळायची, धुवायची, पुन्हा मीठ लावायची, पुन्हा पिळायची. मग गूळ, चिंच, दाण्याचा कूट. अण्णा म्हणायचे, "हिच्या हातात कारल्याचा कडूपणा उरतच नाही." हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं. एवढे कष्ट घेणाऱ्या बाईला कडूपणा चांगलाच कळत असला पाहिजे, एवढा साधा विचार माझ्या डोक्यात आला नाही. मी प्राणिशास्त्र शिकत होते ना.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना पुण्याहून दातारबाई आल्या. साडीखाली कॅनव्हासचे बूट, गळ्यात दोरीनं अडकवलेला चष्मा, आणि मागं एक जीप. गावोगावच्या लोकांचं रक्त तपासायचं त्यांचं काम होतं. सोबतीला इथली एखादी विद्यार्थिनी हवी, असं त्यांनी आमच्या सरांना सांगितलं. सरांनी मला निवडलं. मी वर्गात तोंड उघडत नसे, म्हणजे अभ्यासू असणार, असा त्यांचा कयास. घरोघर जाऊन अनोळखी माणसांशी बोलायचं काम अशा रीतीनं वर्गातल्या सर्वात मुक्या मुलीकडं आलं.

जीपमध्ये पुढच्या सीटवर मांडीत बर्फाचा थर्मास धरून मी बसायची. रक्तगट तपासायची औषधं गारच ठेवावी लागत, म्हणून रोज सकाळी शहरातल्या शहागंजमधून बर्फ घ्यायचा आणि मग गावाकडं निघायचं. दातारबाई वाटेत सांगायच्या, "हे बघ शकू, माणसं चालत आली. काही वायव्येकडून, काही समुद्राच्या काठाकाठानं, काही इतकी आधी की त्यांना आलेलीही म्हणता येत नाही. त्याचे कागद कुठंच नाहीत. पण आज जिवंत असलेल्या माणसांच्या अंगात खुणा आहेत. रक्तात आहेत, कानात आहेत, जिभेतसुद्धा." जिभेची खूण बघायला त्यांच्याकडं पांढऱ्या कागदाच्या बोटभर पट्ट्या होत्या, कसल्याशा रसायनात भिजवून वाळवलेल्या. पट्टी जिभेवर ठेवली की काहींना ती जहर लागते आणि काहींना निव्वळ कागद. ते जन्मानंच ठरतं. कुठल्या समाजात कडू लागणारे जास्त, कुठल्यात कमी, हे गावोगाव मोजत गेलं की कोण कुणाचा जुना सोयरा याचा थोडा माग लागतो. भाटाची वही मला एकदम पोरकट वाटायला लागली. माझ्या हातात आता खरी वही होती.

त्या वहीत मी सुवाच्य अक्षरात लिहायची. नाव, गाव, कूळ, देवक, कानाची पाळी सुटी की चिकटलेली, कागद कडू की नाही. घरात गेलं की आधी कर्त्या पुरुषाला विचारायचं, मग म्हातारी माणसं, शेवटी बायका. हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि शिकवायची गरजही नव्हती. दातारबाई सुई टोचून रक्ताचा थेंब घ्यायच्या, मी पट्टी द्यायची. पुरुष चघळायचा आणि म्हणायचा, "कडू हाय की," किंवा "काय बी नाय." मग त्याची बायको. माझी वही भराभर भरत होती. कागदाच्या बाबतीत नवरा-बायकोचं इतकं एकमत कसं, हा प्रश्न मला पडला नाही. उलट एकसारखी उत्तरं एकाखाली एक छान दिसायची.

सुगी झाली की ठकूबाईचं बिऱ्हाड आमच्या रानात उतरायचं. ही मेंढपाळ मंडळी फर्दापूरकडच्या डोंगरातून यायची. त्यांची मेंढरं आमच्या मोकळ्या शेतात बसायची, शेताला खत मिळायचं आणि त्यांना धान्य. माझ्या जन्माच्या आधीपासूनचा हा रिवाज. ठकूबाईचा नवरा म्हाळू दिवसभरात चार शब्द बोलायचा, बाकीचे ठकूबाई बोलायची. त्या वर्षी दातारबाईंनी त्यांच्या बिऱ्हाडावरही कागद वाटले. म्हाळू म्हणाला, "नाय लागत." ठकूबाईनंही तोंड मिटून मान हलवली. मी लिहिलं: नाही, नाही.

संध्याकाळी उरलेल्या तीन पट्ट्या मी घरी नेल्या. अण्णांनी हात धुतले, पाटावर बसले आणि एखादा दस्तऐवज तपासावा तशी पट्टी जिभेवर ठेवली. "काही नाही," ते म्हणाले. "निव्वळ कागद." मग आईला दिली. तिनं ती तोंडात घेतली, जरा थांबली, चुलीकडं वळून लाकूड आत सारलं आणि म्हणाली, "काही नाही." तिसरी माझी. मी ती ठेवली आणि उठून मोरीत थुंकायला पळाले. अण्णा हसले. "बघा, शिकल्यानं पोरीची जबान नाजूक झाली!"

मला हसू आलं नाही. अनुवंशाचं प्रकरण मला पाठ होतं. ज्यांना कडू लागत नाही अशा दोघांच्या पोटी कडू लागणारं मूल जन्मूच शकत नाही. पुस्तकात चौकोन काढून दाखवलं होतं. मी वहीच्या मागच्या पानावर तो चौकोन काढला, तीन वेळा. तिन्ही वेळा त्यात मी नव्हते. (हा नियम पुस्तकात दिसतो तितका सरळ नाही, त्याला अपवाद सापडतात, हे मला पुढं बऱ्याच वर्षांनी कळलं. पण त्या वयात माझा पुस्तकावर जेवढा विश्वास होता तेवढा देवावरही नव्हता.)

म्हणजे मी यांची नव्हे. एकदा हे ठरल्यावर पुरावे रांगेनं येऊ लागले. आईला लग्नानंतर आठ वर्षं मूल नव्हतं. मी एकुलती एक. माझ्या कानाच्या पाळ्या चिकटलेल्या; अण्णांच्या आणि आईच्या सुट्या. आणि चिकटलेल्या पाळ्या आणखी कुणाच्या? ठकूबाईच्या! वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. मी सुगीनंतर जन्मलेली, ठकूबाई सुगीनंतर यायची. लहानपणी मेंढरांच्या वासात मला झोप चांगली लागायची, हेही मी पुराव्यात घेतलं. ठकूबाईनंही कागदाला "नाही" म्हटलं होतं, तेव्हा त्याच चौकोनानं मी तिचीही होत नव्हते. पण ते मी सोयीनं बाजूला ठेवलं. एवढा मोठा शोध लागत असताना एका चौकोनासाठी कोण थांबतं?

ते चार दिवस मी घरात पाहुण्यासारखी राहिले. तुपाला हात लावला नाही, कारण त्यावर आपला हक्क काय. आईनं वेणी घालायला बोलावलं तर "माझी मी घालते" म्हणाले, आणि वाकडी घातली. आई विचारायची, "काय होतंय गं तुला?" मी म्हणायची, "काही नाही." अण्णांनी भाटाचा विषय काढला की मला भरून यायचं. बिचारे अण्णा, यांचं घोड्यावरचं घराणं यांच्यापाशीच संपतंय, असं वाटायचं. पण सगळ्यात वाईट वाटायचं ते आई भाकरी थापताना. तो आवाज माझा नाही, हे मनाला पटवावं लागायचं. ते मात्र नाटक नव्हतं. आजही तव्याशी कुणी भाकरी थापत असलं की मी एकोणीस वर्षांची होऊन दारातच थांबते.

पाचव्या दिवशी सकाळी मी ठकूबाईच्या बिऱ्हाडावर गेले. ती कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. मी घरून वाक्य तयार करून नेलं होतं, त्यात 'जन्मदात्री' हा शब्द होता. तोंडातून निघालं ते असं: "मावशी, मी तुमची आहे का?"

"कुणाची?"

"तुमची. म्हणजे... तुम्ही मला आईला दिलं का?"

ठकूबाईनं कोकरू खाली सोडलं. माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं, मग असं हसली की लांब उभा असलेला म्हाळूसुद्धा वळून बघायला लागला. "आगं बया! माझी असतीस तर येवढी पिकल्या केळावाणी मऊ झाली असतीस व्हय? कोकराला धरता येत नाय तुला! परवा धरलंस तर त्येच तुला घेऊन पळालं."

"मग माझे कान—"

"कानाचं काय घिऊन बसलीस? तुझ्या आयच्या आयचे तसलेच व्हते. मी बघितल्यात. तू झालीस तवा मी हितंच व्हते. तुझी आय तीन दिस कळा सोसत व्हती, आवाज म्हणून काढला नाय. सुईण म्हणाली, वरड की गं, मोकळी व्हशील. तर म्हणती, भायेर मामंजी बसल्यात." ठकूबाई आता हसत नव्हती. "मग तिला ताप भरला, तर माझ्या शेळीचं दूध तुला पाजलं. त्येवढी माझी हायस. शेळीची म्हण."

मी तिला चौकोन समजावून सांगायला लागले. दोघांनाही कडू लागलं नाही, मला लागलं, म्हणून शास्त्राप्रमाणं... तिनं मला मध्येच तोडलं. "त्यो कागद व्हय? मला बी लई कडू लागला. दोन दिस तोंडाचं कडू उतरलं न्हवतं."

"मग नाही का म्हणालात?"

"मालकानं नाय म्हणल्यावर मी व्हय कसं म्हणू, चार माणसांत? आन पाव्हण्या बाईनं हौसंनं दिलेली चीज, ती काय थुकायची?" तिनं पुन्हा कोकरू मांडीवर घेतलं. "जा, तुझ्या आयला इचार. तुझ्या बापाम्होरं नको."

अण्णा कचेरीत गेलेले होते. आई परातीत पीठ मळत होती. मी दारातच उभी राहून विचारलं, "आई, तो कागद तुला कसा लागला होता?"

"लई कडू," ती मान वर न करता म्हणाली. "जहर नुसतं. चुलीत थुंकले मी हळूच."

"मग काही नाही का म्हणालीस?"

"ह्यांनी काही नाही म्हटलं होतं ना." जसं काही मी पाणी ओलं का, असं विचारलं होतं.

मी तिथंच उंबऱ्यावर बसून रडायला लागले आणि रडता रडता सगळं सांगून टाकलं, चौकोन, कान, शेळी. आईचे पिठाचे हात परातीत थांबले. तिला हसू येईल, असं मला वाटलं होतं. तिनं परात बाजूला सारली. मग म्हणाली, "चार दिवस तू परकी होऊन माझ्या हातचं खात होतीस? मला विचारावंसं नाही वाटलं?"

"विचारलं होतं की. तू काही नाही म्हणालीस."

तिनं हात धुतले, माझी वाकडी वेणी सोडली आणि पुन्हा घातली, इतकी घट्ट की डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. मग गरम भाकरीवर तूप वाढलं. नेहमीपेक्षा दुप्पट.

खरी शरम वाटली ती त्यानंतर, वही उघडल्यावर. पानामागून पान मी पाहत गेले. नवऱ्याचं नाही, तर बायकोचं नाही. नवऱ्याचं हो, तर बायकोचं हो. हजारो वर्षांपूर्वी कोण कुठून चालत आलं, ते शोधायला निघालेल्या या वहीत बायकांची जीभच नव्हती. फक्त नवऱ्यांची होती, दोनदा लिहिलेली. आणि ती मीच लिहिली होती, वळणदार अक्षरात.

दातारबाईंना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, चष्मा काढला, पदरानं पुसत राहिल्या. काच कधीच स्वच्छ झाली होती. "मागच्या दोन जिल्ह्यांतही मी असंच विचारलंय," त्या म्हणाल्या. मग जराशानं, "मला वांगं आवडत नाही, शकू. लग्नाला अकरा वर्षं झाली. सासरी अजून कुणाला माहीत नाही. मला तरी हे सुचायला हवं होतं."

त्यांचा मुक्काम दोन दिवसांनी संपणार होता. त्या दोन दिवसांत आम्ही जमतील तेवढ्या बायकांना पुन्हा गाठलं, पण आता विहिरीवर, पुरुष माणूस नजरेच्या टप्प्यात नसताना. म्हाळूला ठकूबाईनं मेंढरांमागं पिटाळलं. तसला गोंगाट मी पुन्हा कधी ऐकला नाही. पट्टी जिभेवर ठेवली की "थू! थू! आगं आय!" करत बाई पाण्याकडं धावायची आणि बाकीच्या हसून लोळायच्या. काहीजणींना खरंच काही लागलं नाही. त्यांच्यावर कुणाचा विश्वास बसेना. "खरं बोल की गं, तुझा दादला हितं नाय!" ठकूबाई ओरडायची. स्वतःची पट्टी तिनं लांब थुंकली आणि माझ्या वहीवर बोट ठेवून म्हणाली, "आता लिव्ह. मोठ्या अक्षरात लिव्ह."

जुनं खोडायचं नाही, शेजारी नवं लिहायचं, असं दातारबाईंनी बजावलं. त्या वहीचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. अण्णांना आम्ही यातलं काहीच सांगितलं नाही. ते पुढं कित्येक वर्षं पाहुण्यांना सांगत, "हमारे खानदान में किसी को कडवा लगताच नहीं! शास्त्रीय सबूत आहे." भाटानंही ते कौतुकानं ऐकून घेतलं. त्यानं आपल्या वहीत लिहिलं असेल तर नवल नाही. आई चहा घेऊन उभी असायची. माझ्याकडं बघायची नाही.

परवा माझ्या मुलीनं माझी थुंकी नळीत भरून कुठल्याशा प्रयोगशाळेत पाठवली. आता कागद लागत नाही, नवऱ्याच्या तोंडाकडं बघावं लागत नाही. थुंकी खोटं बोलत नाही. मोबाइलवर रंगीत नकाशा आला. त्यात आईकडून तिच्या आईकडं, तिच्याकडून तिच्या आईकडं अशी मागं मागं जाणारी एक रेघ होती. ती याच दख्खनच्या मातीत इतकी खोल गेली होती की चितोड, घोडे, भाट सगळे तिच्यापुढं कालचे. मुलगी म्हणाली, "आई, आजीला दाखवायला हवं होतं." मी म्हटलं, दाखवलं असतं तर ती म्हणाली असती, बरं. आणि चहा ठेवायला उठली असती.

शेवटच्या महिन्यात आई अंथरुणाला खिळली होती. हाडांचं दुखणं होतं. डॉक्टर घरी येऊन गेले, म्हणाले, किती दुखतंय ते कळलं तर औषध वाढवता येईल. मी रोज विचारायची, "आई, दुखतंय का?" ती म्हणायची, "काही नाही." अण्णांना जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. खोलीत आम्ही दोघीच असायचो. आता ती कुणाकडं बघून काही नाही म्हणते, हे मला बरेच दिवस कळलं नाही. मी सत्तरी ओलांडली तरी या बाबतीत माझी हुशारी एकोणीसचीच.

एका सकाळी नर्स आली तेव्हा मी तिच्या कानात सांगितलं, मी बाहेर जाते, मग तुम्ही विचारा. मी दार लोटून घेतलं आणि बाहेर भिंतीला टेकून उभी राहिले. आत नर्सनं विचारलेलं ऐकू आलं. आणि मग माझ्या आईचा आवाज, मी कधीच न ऐकलेला:

"लई दुखतंय गं बाई. लई."

मी ते मनात मोठ्या अक्षरात लिहून घेतलं आणि तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. बोलून फोन ठेवते तोच आतून हाक आली, "शके, ऐकलंस ना? आता ये आत."